एक मिनिट गप्प राहून दिलेल्या उत्तराबद्दल

काउंटरवरच्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि कळलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. फोनवरचा प्रश्न साधाच होता: दोन रात्रींसाठी खोली हवी, स्वस्तातली, पण शांत. त्याआधी पाच ठिकाणी हेच विचारून झालं होतं आणि पाचही ठिकाणांहून पाच सेकंदांत उत्तर आलं होतं, "अगदी शांत आहे हो, काळजीच करू नका." तुम्ही म्हणालात, "फोन चालू ठेवा, वर जाऊन बघते." मग जिन्यावरची पावलं, कुलपात किल्ली, खिडकी ओढून लावल्याचा आवाज, आणि त्यानंतर जवळजवळ मिनिटभर काहीच नाही. मग हळूच सांगितलंत, "ही नका घेऊ. उशीमागच्या भिंतीतून पंप ऐकू येतोय. मागच्या बाजूची देते. ती हिच्याहून स्वस्तच आहे, फक्त लिफ्टनंतर एक जिना चढावा लागेल आणि खिडकीतून समोरची भिंत दिसेल."

आभार त्या मिनिटाचे आहेत. चादर स्वच्छ होती, पाणी गरम होतं, बिल सांगितलं तेवढंच आलं, त्यांचेही मानतो. पण ते पैसे मोजून मिळतं. त्या मिनिटात तुम्ही किती गोष्टी बरोबर केल्यात ते जरा सविस्तर लिहितो. तुम्हाला त्या सवयीच्या असतील, पण खोली शोधणाऱ्या बाकीच्यांच्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, तुम्ही खिडकी लावून ऐकलंत. आवाज भिंतीतून कमी येतो आणि फटीतून जास्त. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर ती भिंत दगडाची असली तरी २० डेसिबलहून जास्त आवाज अडवू शकत नाही. १० चौरस मीटरच्या भिंतीत शंभरावा हिस्सा म्हणजे हातभर लांब आणि वीतभर रुंद जागा, म्हणजे हवेसाठी जराशी उघडी ठेवलेली खिडकी. सरकत्या खिडकीच्या कडेची ब्रशपट्टी झिजली असेल तर ती बंद असूनही गळते. बिजागरीची, रबरावर दाबून बसणारी खिडकी त्याहून बरी. जाड पडद्याचा काडीचा उपयोग नाही. तो खोलीतला घुमारा थोडा कमी करतो, रस्त्याचा आवाज अडवत नाही. म्हणून खोली विचारताना पहिला प्रश्न हा हवा: खिडकी पूर्ण लावून रात्रभर झोपता येईल एवढी हवा खोलीत खेळते का? खिडकी उघडी टाकावी लागणार असेल तर भिंती कितीही जाड असोत, हिशेब तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही उशीपाशी जाऊन ऐकलंत. बहुतेक जण खोलीच्या मधोमध उभे राहून "काही नाही" म्हणतात. पंप किंवा लिफ्टची मोटर खाली रबर न घालता सरळ स्लॅबवर बोल्टने आवळलेली असली की तिची थरथर काँक्रीटमधून आणि पाइपांतून चालत येते. शेजारच्या खोलीत ती ऐकू येणार नाही आणि दोन मजले वर एखाद्या पलंगाच्या डोक्याशी नेमकी घुमेल. ही घरघर खालच्या सुराची असते, आणि कानातले फोमचे बोळे नेमक्या त्याच सुरांपुढे कमी पडतात. सगळ्यात वरच्या मजल्याची हौस असणाऱ्यांनी म्हणून एवढं विचारून घ्यावं: डोक्यावर पाण्याची टाकी आहे का, आणि लिफ्टची मोटर कुठे आहे? जुन्या लिफ्टची मोटर बहुधा गच्चीवर असते. वरून दुसरा मजला साधारणपणे जास्त बरा.

शिवाय पंप काही सतत चालत नाही. मिनिटभर ऐकूनही तो निसटू शकतो. तुम्ही न विचारता सांगितलंत की हाच पंप पहाटे साडेपाचला पुन्हा लागतो. हे तिथे राबणारा माणूसच सांगू शकतो. फोटो, नकाशा आणि रिव्ह्यूतले तारे सांगू शकत नाहीत.

आणि तिसरी, मला सगळ्यात आवडलेली: तुम्ही 'शांत' हा शब्दच वापरला नाहीत. त्या पाच जणांना खोटारडे म्हणवत नाही. ते घरी जाऊन झोपतात, खोलीत कधी झोपलेले नसतात, आणि "शांत आहे का?" या प्रश्नाला "हो" याशिवाय उत्तर कोण देईल? चूक अर्धी प्रश्नाची. विचारायचं ते असं, की उत्तर हो-नाहीत देताच येऊ नये. खिडकी कशावर उघडते? पलंगाचं डोकं ज्या भिंतीला लागलंय, तिच्या पलीकडे काय आहे? लिफ्ट, जिना, चादरींची खोली दारापासून किती पावलांवर? शेजारच्या खोलीत जायला आतून दार आहे का? (असलं तर ती खोली सरळ सोडून द्यावी. त्या पातळ दाराखालच्या फटीतून पलीकडचं कुजबुजणंसुद्धा येतं.) या प्रश्नांवर जो अडखळतो त्याला माहीत नाही, आणि जो चिडतो त्याला माहीत आहे.

दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप कशाला, असं एका ठिकाणी ऐकवलं गेलं. उलट दोनच रात्री असतात म्हणूनच. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे घरोघरी म्हणतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचं कारण दाखवून दिलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धा उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहारा देत राहतो, आणि नेहमीपेक्षा वेगळा आवाज कानी पडला की माणसाला चटकन जागं करतो. पुढच्या वेळी तिथेच झोपलं की हा फरक दिसत नाही. महिनाभर राहणाऱ्याची अशी एक रात्र जाते. दोन दिवसांसाठी आलेल्याचा निम्मा मुक्कामच पहाऱ्यावर असतो. त्यातही एकसुरी आवाजापेक्षा मधूनच होणारा आवाज जास्त छळतो. पंख्याची संथ घरघर चालते, दर वीस मिनिटांनी आदळणारं दार चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी दोन वेगळे आकडे दिले ते यासाठीच: सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपर्यंत, आणि अधूनमधून होणारा एखादा आवाज ४५ पर्यंत.

आता स्वस्ताईबद्दल, कारण तुम्ही मला आधीच्याहून स्वस्त खोली दिलीत आणि वर त्याचं कारणही सांगितलंत. स्वस्त खोली कशामुळे तरी स्वस्त असते. कारण सांगितलं की गिऱ्हाईक पळेल अशी भीती सगळ्यांना वाटते, आणि खरं तर कारण कळलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. खिडकीतून भिंत दिसते, एक जिना चढायचा, टेबलाचा टवका उडालाय, न्हाणीघर बाहेर: असल्या कारणांनी स्वस्त असलेली खोली डोळे मिटून घ्यावी, कारण झोपेत यातलं काहीच लागत नाही. पंप, खाली रात्री उशिरापर्यंत चालणारा बार, पहाटे माल उतरवायची जागा, ही कारणं असली तर फुकटसुद्धा महाग. दर्शनी बाजूच्या देखाव्याचे पैसे घेतात, आणि देखावा जिथून दिसतो तिथूनच रस्ता ऐकू येतो. शांतता बऱ्याचदा त्याच हॉटेलात मागच्या बाजूला कमी भावात पडलेली असते.

बऱ्याचदा म्हणतो, नेहमी नाही. मागे अरुंद डक्ट असली तर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीची बाहेरची यंत्रं आणि सगळ्या न्हाणीघरांतल्या गप्पा त्या नळकांड्यातून वर चढतात. "मागची बाजू" एवढ्यावर थांबू नये, मागे काय आहे ते विचारावं.

जाहिरातीतलं "मुख्य रस्त्यापासून जरा आत" हे वाक्यही तपासून घ्यावं. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो, म्हणजे २० मीटरऐवजी ४० मीटरवर गेलात तर कानाला जेमतेम फरक कळेल. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला १० डेसिबलची घट लागते. त्यासाठी मध्ये अख्खी इमारत आडवी यावी लागते. आत असण्यापेक्षा पाठ करून असणं महत्त्वाचं.

दराचं गणितही तुम्ही एका वाक्यात संपवलंत: कर धरून एवढे, दोन रात्रींचे. ॲपवर तेच गणित चार पडद्यांपर्यंत लांबतं. भाड्याच्या फ्लॅटची साफसफाईची रक्कम दोन रात्रींना आणि सात रात्रींना बहुधा सारखीच असते. दोनाने भागली की स्वस्त फ्लॅट हॉटेलाच्या वर जातो. शहराबाहेरची खोली घेतली तर जाण्यायेण्याचं भाडं आणि शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी, हे तिच्याच दरात धरायचं. ज्याला वार निवडता येतो त्यानं कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी बघावीत. ती तेव्हा ओस पडतात, दरही सहसा उतरतात आणि खालचा रस्ताही झोपलेला असतो. बऱ्याच शहरांत सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थ्यांची वसतिगृहं खोल्या भाड्याने देतात, तीही विचारून बघावीत.

ॲपवाल्यांवर राग नाही, पण ते खोलीचा प्रकार विकतात, खोली नाही. नंबर ठरवते काउंटरवरची व्यक्ती, बहुतेक वेळा त्याच दिवशी. म्हणून बुकिंग कुठूनही केलेलं असो, आदल्या दिवशी फोन हवाच. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान केला तर जाणारे गेलेले असतात, येणारे आलेले नसतात, खोल्या रिकाम्या असतात आणि वर जाऊन बघायला कुणाला तरी सवड असते. मला तर वाटतं, बुकिंगआधी एक फोन रात्री साडेदहालाही करावा. रात्रपाळीवाला खरं बोलतो. आणि तो नाही बोलला तरी त्याच्या मागचं सगळं ऐकू येतंच.

रिव्ह्यूतली सरासरी वाचून काही कळत नाही. 'आवाज', 'भिंती', 'लिफ्ट', 'झोप' हे शब्द शोधायचे, नवे रिव्ह्यू आधी वाचायचे, कारण शेजारी बांधकाम सुरू झालेलं जुन्या रिव्ह्यूत नसतं. खोलीच्या नंबरासकट केलेली तक्रार म्हणजे सोनं. आणि मालकानं उत्तरात "आम्ही पाहुण्यांना कानात घालायचे बोळे मोफत देतो" असं अभिमानानं लिहिलं असेल तर समजावं, आवाज कायमचा आहे.

बोळे जवळ असावेतच, पण बरेच लोक ते चुकीचे घालतात. बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, २० ते ३० सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. धरला नाही तर तो बाहेर सरकतो. दाराखाली फट असेल तर टॉवेलची गुंडाळी घट्ट दाबून ठेवावी. बोळ्यांइतकीच कामाला येते.

ताई, तुम्ही ती पहिली खोली खपवली असती तर जास्त पैसे आले असते, आणि दोन रात्रींनी निघून जाणाऱ्या माणसाकडून ओरड तरी किती झाली असती? पुन्हा तोंड दाखवायचं नसतं तिथे माणसं कशी वागतात, हे शहरात रोज दिसतं. पाहुणे तरी काय वेगळे? पहाटे पाचला फरशीवरून बॅगेची चाकं खडखडवत नेतात, बोळात उभं राहून फोनवर बोलतात, दार मागे सोडून देतात आणि पुढच्या सगळ्या खोल्या दचकून जाग्या होतात. दार हाताने धरून लावायला दोन सेकंद लागतात. तुमच्याकडची सफाईवाली मावशी ते करते, हे सकाळी लक्षात आलं. तिलाही नमस्कार सांगा.

दाराचा विषय निघालाच आहे तर एक छोटं काम सुचवतो. तुमच्या मागच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जे दार आहे, ते शेवटची वीतभर उरली की धाडकन आपटतं. दार बिघडलेलं नाही, वरच्या हायड्रॉलिक क्लोजरची, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या डबीची, शेवटच्या टप्प्याची गती वाढली आहे. त्याच्या डबीवर बहुधा दोन स्क्रू असतात, एक सगळ्या फेरीचा आणि एक शेवटच्या टप्प्याचा. दुसरा घड्याळाच्या दिशेने पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा, दार सोडून बघायचं, पुन्हा थोडा. पूर्ण बाहेर काढू देऊ नका, तेल गळून जातं आणि क्लोजर कायमचा जातो. डबीखाली आधीच तेलाचा ओघळ असेल तर मात्र स्क्रू फिरवत बसू नका, नवाच बसवून घ्या.

आपला,
मागच्या खोलीतला दोन रात्रींचा पाहुणा