युद्ध थांबल्यानंतरच्या रुग्णांची नोंद कोण ठेवणार?

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

युद्धाबद्दलचं पत्र संरक्षणमंत्र्यांना लिहायचं सोडून आरोग्यमंत्र्यांना कशाला, असं कुणी म्हणेल. तोफा चालू असतात तोवर विषय त्यांचा, हे खरं. पण तोफा थांबल्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षं जे भोगणं उरतं ते दवाखान्यांत, बाळंतिणींच्या खोल्यांत आणि घराघरांत असतं. त्याची जबाबदारी आज कुणीच घेत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा रोखला. वीस हजारांच्या आसपास माणसं भुकेने मेली. काही महिन्यांत उपासमार संपली, देश सावरला. त्या दिवसांत आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला पोचली, तेव्हा मात्र त्यांच्यात साखरेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळले. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत भूक सोसलेल्या आयांच्या मुलांत हृदयविकारही. हे कळलं, कारण रुग्णालयांनी जन्माच्या नोंदी जपल्या होत्या. जिथे रुग्णालयच बॉम्बखाली जातं, तिथल्या अशा मुलांचं पुढे काय झालं हे कुणालाच कळत नाही.

नुसती नोंद मात्र पुरत नाही. हिरोशिमा आणि नागासाकीत ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, रुग्ण काही वर्षांतच वाढले आणि इतर कर्करोगांचा वाढीव धोका वाचलेल्यांना जन्मभर राहिला. १९४७पासून अमेरिकेचा एक आयोग या लोकांची तपासणी करत होता. रक्त घ्यायचा, मोजमापं घ्यायचा, पण उपचार करणं त्याच्या कामात बसत नव्हतं. आपण प्रयोगातले प्राणी आहोत का, हा त्या लोकांचा संताप रास्तच होता. जपान सरकारने त्यांच्या वैद्यकीय मदतीचा कायदा केला १९५७ साली, म्हणजे अणुबॉम्ब पडल्यावर बारा वर्षांनी. आणि त्यानंतरही लग्न जमणार नाही, नोकरी मिळणार नाही या भीतीने कित्येकांनी आपण त्या दिवशी तिथे होतो हेच लपवलं. माझी सगळी मागणी या अनुभवावर उभी आहे. नोंद हवीच, पण ज्याची नोंद झाली त्याला उपचार मिळालेच पाहिजेत आणि त्याचं नाव गुप्त राहिलंच पाहिजे.

लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या लहान बॉम्बांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. ते अजून शेतांत आहेत, आणि चेंडूएवढे असल्याने मुलं ते उचलतात. पाय गेलेल्या मुलाला कृत्रिम पाय एकदा देऊन भागत नाही. मूल वाढतं तसा पाय बदलावा लागतो, आणि मोठेपणीही तो झिजतोच. मदतनिधी मात्र बहुतेक वेळा महिन्यांच्या हिशेबाने मंजूर होतात.

मनाच्या जखमांची तर मोजदादही उशिरा सुरू झाली. संघर्षातून गेलेल्या भागांत दर पाच माणसांमागे एकाला नैराश्य, चिंता, आघातानंतरचा ताण किंवा दुसरा मानसिक आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. ही माणसं एकेकटी नसतात. रात्र रात्र न झोपणारा बाप, त्याची दारू, त्याचा बायकोवर उठणारा हात आणि हे पाहत वाढणारं मूल, असं सगळं घरच त्यात ओढलं जातं. रवांडात दर एप्रिलला स्मरणाचे दिवस आले की लोकांना आघाताचे झटके येतात, आणि त्यांत १९९४च्या नरसंहारानंतर जन्मलेले तरुणही असतात.

हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, १९९६ सालीच मान्य केलं आहे. या सभेत भारताची जागा आहे आणि शब्दाला वजनही आहे. घरोघर जाऊन प्रत्येक मुलाची नोंद ठेवत आपण २०१४ साली पोलिओमुक्त झालो. जयपूर फूट हा आपला कृत्रिम पाय अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत पोचला. (युद्धात लसीकरण मोडलं की काय होतं तेही जगाने पाहिलं: सीरियात १९९९नंतर नाहीसा झालेला पोलिओ २०१३ साली परतला.)

म्हणून विनंती अशी की पुढच्या सभेत भारताने ठराव मांडावा. युद्धबंदीनंतर दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय आरोग्यमदतीत बाधितांची नोंदवही किमान एक पिढी चालवण्याची तरतूद असावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं त्यात सर्वांत आधी यावीत. मानसिक उपचार दूरच्या मोठ्या रुग्णालयात न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावेत. आणि निधी वर्षावर्षाने मागावा लागू नये.

या ठरावाचा मसुदा तुमचं मंत्रालय करणार आहे की नाही आणि करणार असेल तर केव्हा, याचं उत्तर तुम्ही संसदेत द्यावं.

आपला,
एक नागरिक