तुटक रेषेचं ड्रेनेज: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी पुण्यातला स्थापत्य अभियंता आहे. गृहप्रकल्पाच्या परवानगीसाठी पाणीपुरवठा, मैलापाणी आणि पावसाळी गटारं यांचा जो तांत्रिक अहवाल फायलीला जोडावा लागतो, तो तयार करणं हे माझं वीस वर्षांहून जास्त काळ रोजचं काम आहे. त्या अहवालातल्या नकाशावर एक तुटक रेष असते. तिच्याबद्दल आपल्याला लिहितो आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी पुण्याच्या तेव्हाच्या हद्दीबाहेरच्या एका गावातल्या पाचशे फ्लॅटच्या प्रकल्पाचा अहवाल केला. घरटी पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, म्हणजे रोजचं सुमारे ३ लाख ३७ हजार लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं आम्ही धरतो, ते झालं २ लाख ७० हजार लिटर. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) बसवायचा, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरायचं, उरलेलं रस्त्यावरच्या लाइनमध्ये सोडायचं. पाइपांचे व्यास, उतार, चेंबरमधली अंतरं, सगळं नियमात बसत होतं. कुंपणाच्या आतली लाइन मी ठळक रेषेनं काढली. गेटबाहेर रस्त्यावर तुटक रेष काढली आणि तिच्यावर लिहिलं, ‘प्रस्तावित ड्रेनेज लाइन’. दुसऱ्या रंगात तिच्या शेजारी ‘प्रस्तावित जलवाहिनी’. बिल्डरनं हमीपत्र दिलं, की सार्वजनिक पाणी येईपर्यंत मी स्वखर्चानं सोय करीन. शिक्के पडले, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या सोसायटीनं मला बोलावलं. वॉचमननं पहारीनं गेटजवळच्या शेवटच्या चेंबरचं झाकण उचललं. पाणी झाकणाच्या खाली वीतभर होतं, वर साबणाचा करडा फेस. रस्त्याच्या बाजूला माझ्या नकाशाप्रमाणे सहा इंची पाइपाचं तोंड काढलेलं होतं आणि ते विटा-सिमेंटनं बुजवलेलं होतं, कारण रस्त्याखाली जोडायला काहीच नव्हतं. चेंबरमध्ये एक पंप सोडलेला आणि त्याचा निळा पाइप कुंपणावरून मागच्या ओढ्यात. नुसत्या फ्लशचं आणि बागेचं पाणी वजा केलं तरी तिथे रोज लाखाच्या वर लिटर उरतं, पावसाळ्यात बागेलाही लागत नाही. ते कुठे जाणार होतं, हा प्रश्न मी माझ्या अहवालात विचारलाच नव्हता.

सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी टँकरची वही समोर ठेवली. गाडीचा नंबर, वेळ, सही. पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंतच्या नोंदी. माझ्या ३ लाख ३७ हजार लिटरला दहा हजारी ३४ टँकर लागतात. हा साधा भागाकार मी नऊ वर्षांपूर्वी केला नव्हता. बिल्डरचं हमीपत्र? सोसायटी हस्तांतरित झाली आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आलं. त्या हमीपत्राची प्रत एकाही फ्लॅटधारकानं पाहिलेली नव्हती. माझा अहवाल तर नाहीच नाही.

साहेब, ही एका सोसायटीची गोष्ट असती तर आपला वेळ घेतला नसता. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या २३ गावांच्या विकास आराखड्याचं काम मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिलं. नकाशा एकाकडे आणि नळ दुसऱ्याकडे, मग तुटक रेष ठळक कुणी करायची? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडले. संशय पाण्यावर गेला आणि मग चर्चा सुरू झाली, की तिथल्या मोठ्या वस्तीला विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून दिलं जातंय, जलशुद्धीकरण केंद्रातून ते जातच नाही. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत नळ आणून हौद भरले होते. पाणी कुठून येणार हे त्यांनी आधी पाहिलं होतं.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर याहून वाईट आहे, कारण तो प्रत्येक प्लॉटपुरता बरोबर असतो आणि सगळ्यांचा मिळून चुकतो. एक हेक्टर मोकळं रान घ्या. ताशी ६० मिलिमीटर पाऊस पडला तर तिथून सेकंदाला साधारण ५० लिटर पाणी वाहून जातं, बाकीचं माती पिते. त्याच हेक्टरवर इमारती, काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक आले की तोच पाऊस सेकंदाला १५० लिटर पाणी बाहेर टाकतो. तिप्पट. अहवालात आम्ही हे मांडतो, त्याला पुरेल असा पाइप दाखवतो आणि शेवटी लिहितो, ‘सदर पाणी लगतच्या नैसर्गिक नाल्यात सोडले जाईल’. त्याच नाल्यावर वरच्या अंगाला किती जणांनी हेच वाक्य लिहिलंय, हे मला कोणी सांगत नाही आणि परवानगी देणारेही पाहत नाहीत. तपासणारा अधिकारी एक फाइल पाहतो. ओढा सगळ्या फायलींचं पाणी घेतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगर भागात घरांत शिरलं, भिंती पडल्या, गाड्या कागदाच्या होड्यांसारख्या वाहून गेल्या. पुणे परिसरात त्या पावसानं वीसहून जास्त माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण ओढ्याची वहनक्षमता आणि त्याच्यावर टाकलेला बोजा यांचा मेळ एका ठिकाणी घालायला हवा होता आणि तसा कोणत्याही एका प्रकल्पाच्या अहवालात घालताच येत नाही. तो शासनानं घालायचा असतो.

आपण म्हणाल, नियम आहेतच. आहेत. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली, मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी रेरा कायदा आहे. रेराच्या दाखल्यात मैलापाण्याची लाइन, चेंबर, एसटीपी, पावसाळी गटारं यांचं काम किती टक्के झालं याचे रकानेही आहेत. मी ते भरलेले आहेत, शंभर टक्के, आणि ते खरं होतं. कारण ते सगळं कुंपणाच्या आतलं होतं. ग्राहक तो आकडा वाचतो आणि समजतो, ड्रेनेज झालं.

माझी मागणी या कुंपणाच्या बाहेरची आहे. प्रत्येक अहवालात ‘प्रस्तावित’ हा शब्द लिहिला तर त्याच्यापुढे कामाचा मंजुरी क्रमांक, निधीची तरतूद आणि पूर्ण होण्याची तारीख लिहिणं सक्तीचं करा. यांपैकी काही नसेल तर तिथे स्पष्ट लिहावं, ‘लाइन नाही’. हे पान आणि हमीपत्र रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाखाली दिसू द्या, फ्लॅट बुक करण्याआधी. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्याला ३४ टँकरचा भागाकार स्वतः करता आला पाहिजे. भोगवटा पत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देण्यापूर्वी महापालिकेच्या माणसानं गेटबाहेरच्या चेंबरमध्ये उतरून पाणी पुढे जातंय की नाही हे पाहावं आणि सही करावी. एका बादलीत रंग टाकून आतल्या चेंबरमध्ये ओतला की दहा मिनिटांत कळतं. आणि ओढानिहाय नोंदवही ठेवा: या ओढ्यात आजवर कोणत्या परवानगीनं सेकंदाला किती लिटर पाणी सोडायला मान्यता दिली, त्याची बेरीज. ती बेरीज ओढ्याच्या क्षमतेला टेकली की पुढच्या प्लॉटवाल्यानं आपलं वाढीव पाणी आपल्याच जागेत टाकी करून धरावं.

यानं परवानग्या रखडतील असं आपल्याला सांगणारे भेटतील. काही रखडतील. ज्या रखडतील त्या प्रकल्पांपुढे आज ना पाण्याची लाइन आहे ना ड्रेनेजची.

आणि आम्हा अभियंत्यांनाही सोडू नका. तुटक रेषेवर सही केल्याची जबाबदारी आमच्यावर टाका. मला त्या दिवशी तसा नियम हवा होता. समोर बसलेल्या बिल्डरला ‘हे मला लिहिता येणार नाही’ एवढं तरी म्हणता आलं असतं.

त्या सोसायटीचा ओढ्यात पाणी सोडणारा पंप अजून चालू आहे. नव्या कमिटीनं रस्त्यावरच्या लाइनसाठी सहा अर्ज दिलेत, पोहोच घेऊन ठेवली आहे. आपण वेळ द्याल तेव्हा ते अर्ज, टँकरची वही आणि माझा नऊ वर्षांपूर्वीचा नकाशा घेऊन मी मंत्रालयात यायला तयार आहे.

आपला,
पुण्यातील एक स्थापत्य अभियंता