बाबा, शनिवारपर्यंत गाडीला सेल्फ मारू नका

चिंचवड, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं गाडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. फोनवर बोलायला गेले की तुम्ही "अगं, उभी होती म्हणून वाजतेय" म्हणून विषय बदलता आणि मागून आई "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. आधी मुख्य गोष्ट सांगते. शनिवारी मेस्त्री येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॅटरी उतरेल म्हणून नाही, आवाज गेला का बघू म्हणूनही नाही. बॅटरी उतरली तर उतरू दे, ती मिळते.

तुम्ही म्हणता आवाज येतो. मला त्यात दोन आवाज ऐकू येतात.

पहिला सेल्फ मारल्याबरोबरचा, बारीक टिकटिक. काही सेकंदांत तो विरतो. त्याची मला काळजी नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. पंप ते परत वर चढवेपर्यंत व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट कोरडे वाजतात. हा आवाज हलका असतो, आणि टॅपेट हलवणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरते म्हणून इंजिनाच्या वेगापेक्षा संथ पडतो.

दुसरा आवाज तुम्ही रेस दिल्यावरचा. जड, ठक्‌ठक्. रेस वाढली तसा तो वाढला, आणि तुम्ही पाय काढलात तेव्हा क्षणभर अगदी स्पष्ट आला. तुम्ही म्हणालात वरून येतोय. आई म्हणाली खालून. आई, तू बंपरपाशी उभी होतीस आणि बाबा आत बसले होते, त्यामुळे मी तुझं धरते. खालून येणारा असा आवाज पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा असू शकतो. असू शकतो, आहेच असं नाही. पण असला, तर इंजिन जितका वेळ चालवू तितकं ते जास्त खाल्लं जाणार. बेरिंगवर थांबलेलं काम क्रँकपर्यंत जाईल, आणि रॉडच तुटला तर ब्लॉक फुटेल. म्हणून इतकी मागे लागले आहे.

तुमचं म्हणणं, हा आवाज पेट्रोलमुळे येतो, त्यात मिसळलेल्या इथेनॉलमुळे. बाबा, ते मी उडवून लावत नाही. टाकीतलं पेट्रोल गणपतीपासूनचं आहे. त्यातला लवकर पेट घेणारा हलका भाग उडून गेला असणार. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की ते पाण्याबरोबर वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. त्यामुळे टाकी रिकामी करायला मी मेस्त्रींना सांगितलंच आहे. पण पेट्रोलचं नॉकिंग, म्हणजे ते अवेळी पेटल्याचा ठोका, येतं ते इंजिनावर ओझं असताना. चौथ्या गिअरमध्ये चढ चढवायला गेलात तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं, ते. पोर्चमध्ये न्यूट्रलला उभ्या गाडीत ते सहसा येत नाही. आणि इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, वाढतो, तेव्हा नॉकिंगच्या बाबतीत तरी त्याचा उपयोगच होतो. जुन्या गाडीत त्याचा त्रास रबरी पाइप आणि सील यांना, तो वेगळा विषय.

आता शनिवारी काय होणार ते सांगते, म्हणजे मेस्त्री बोनेट उघडून बसले की तुम्ही अस्वस्थ होणार नाही. माझं त्यांच्याशी सविस्तर बोलणं झालं आहे. आधी गाडी सुरू न करताच डिपस्टिक बघतील. ऑइल पातळ झालंय का, पेट्रोलचा वास येतोय का, दुधासारखं पांढरट दिसतंय का. मग चेंबरमधलं ऑइल उतरवून फिल्टर कापून बघतील. त्यात चकाकणारा चुरा निघाला तर बहुतेक बेरिंगच, आणि तिथेच थांबायचं. चुरा नाही निघाला तर नवं ऑइल, नवा फिल्टर, ताजं पेट्रोल. मग ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मीटर लावून अगदी थोडा वेळ सुरू करायची. एकेका सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या इंजेक्टरचा सॉकेट काढून ऐकायचं. ज्याचा काढल्यावर ठोका मऊ होईल, तिथला रॉड. पूर्वी प्लगची वायर काढून बघायचे तसं करू देऊ नका, न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

इंजेक्टरचे सॉकेट काढण्याआधी फॅनबेल्ट काढून काही सेकंद चालवून बघा, हेही मी मेस्त्रींना सांगितलं आहे. अल्टरनेटरचं बेरिंग उभं राहून गंजलं की तेही बोलतं, आणि मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतात तेव्हा ते लगेच सापडतं. इंजिनाचं माउंटिंग कडक झालं असेल, सायलेन्सरवरचा पत्रा सुटला असेल. यातलं काहीही निघालं तर खर्च थोडका आहे. मी मनापासून तेच निघो म्हणते आहे.

बाबा, दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू ठेवायचात, ते गाडीच्या काळजीनेच. सगळेच असं करतात. पण पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. आत धरलेलं पाणी उडून जात नाही, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल बदलून तर वर्ष उलटून गेलं होतं. किलोमीटर झाले नसले तरी ते वर्षाला बदलावंच लागतं. शिवाय सेल्फ लागला की लगेच रेस द्यायची ही फियाटची सवय. कार्बुरेटरच्या गाडीला ते लागायचं. या गाडीला नाही. तिला सुरू करून तसंच सोडायचं, ऑइलचा लाल दिवा विझू द्यायचा, मग हळूच निघायचं. आणि एक, आईने सांगितलं म्हणून कळलं, पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं खाली ओढून तुम्ही गाडी चालू ठेवायचात. ते पुन्हा कधीही करू नका. तो विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. हे मी रागावून लिहिते आहे.

आंबा घाटात मी मागच्या सीटवर झोपायचे तेव्हा तुम्ही अचानक टेप बंद करायचात. "थांब, इंजिन काय म्हणतंय ऐकू दे." मग मीही डोळे मिटून ऐकायचे. कोणता आवाज चाकाचा, कोणता घाटाचा, कोणता गाडीचा, हे मला तुम्ही शिकवलंत. आज चाकणला टेस्ट बेंचवर उभी राहते तेव्हा बरोबरीची पोरं स्क्रीनकडे बघतात, आणि माझा कान आधी जातो. बाबा, तोच कान मला सांगतोय की हा दुसरा आवाज साधा नाही.

आता ठरवलेली गोष्ट. दादाशी बोलून ठरवली आहे, तुम्हाला विचारून नाही, याचं वाईट वाटतं. गाडीचं काय निघतं ते शनिवारी कळेल. छोटं काही असेल तर गाडी ठेवू. २०२३ मध्ये तुम्ही स्वतः आरटीओत उभं राहून तिची नोंदणी २०२८ पर्यंत करून घेतलीत, ती गाडी मी सहजासहजी काढायला सांगणार नाही. बेरिंग गेलं असेल, तर इंजिन खोलायचा खर्च तिच्या किमतीला जाऊन भिडेल, तेव्हा शांतपणे बसून बोलू. पण दोन्हीपैकी काहीही झालं, तरी चालवायला मंगळवारी आणि गुरुवारी ड्रायव्हर येईल. पुढच्या आठवड्यापासून. त्याचे पैसे माझ्याकडून जातील.

तुम्हाला चालवता येत नाही असं मी म्हणत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय, ते मला पाठ आहे. पण उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, समोरून लाइट आला की तुम्ही मान वळवता, आणि मिरज रोडवर संध्याकाळी काय रहदारी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डोळ्याचं झालं की विश्रामबागेत, दिवसाउजेडी, तुम्हीच चालवा. हायवे मात्र नको. एवढं माझं ऐका.

आई, मंगळवारी तुझा बाजार आणि बाबांच्या गोळ्या. गुरुवारी औदुंबर. तुला कधीची जायची इच्छा आहे ते मला माहीत आहे. गाडीलाही तेवढंच लागतं, अर्धा-पाऊण तास सलग रस्त्यावर, म्हणजे इंजिन तापतं, बॅटरी भरते, ऑइलमधलं पाणी जातं. सुरुवातीचे एक-दोन किलोमीटर टायर धपधप करतील. एका जागी उभे राहून खालून चपटे झाले आहेत. तापले की बहुतेक आवाज जाईल, घाबरू नकोस. ब्रेकची करकर पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जाते. पाठीची उशी पुढच्या सीटवर ठेव, कंबर धरणार नाही. रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवलंय. गाडी गॅरेजला राहिली तरी मिरजेची तपासणी चुकणार नाही.

बोनेटखाली उंदराने घर केलं असेल तर हात घालू नका, मेस्त्री काढतील. पोर्च सपाट आहे, हँडब्रेक आत्ताच सोडून चाकाला वीट लावा, नाहीतर लायनर ड्रमला धरून बसतील. खाली वाकून वीट लावायची ती शेजारच्या काकांनी. बाबांनी नाही. सकाळची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. आणि किल्ली आईकडे द्या, बाबा. आजच.

तुमची,
छकुली

ता. क. मेस्त्री सकाळी दहाला येतील. ऑइल आणि फिल्टर तेच आणणार आहेत, पैसे मी दिले आहेत, तुम्ही देऊ नका. कापलेल्या फिल्टरचा फोटो उन्हात धरून काढा, म्हणजे चुरा असेल तर मला नीट दिसेल.