वरच्या मजल्यावरच्या मुलीला, पाठकोऱ्या कागदावरून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा नंबर जुन्या फोनबरोबर गेला, आणि नवा पत्ता तू सांगितलास तेव्हा माझ्या कानातलं यंत्र बहुतेक टेबलावर पडलेलं होतं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तुझ्यापर्यंत पोचलं तर उत्तमच. नाही पोचलं तर दुसऱ्या कुणाच्या वरच्या मजल्यावर तुझ्यासारखी कुणी राहत असेल, ती वाचेल.

निमित्त झालं कपाट आवरण्याचं. खालच्या कप्प्यात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा सापडला. पुढच्या बाजूला तुझ्या कुठल्याशा प्रोजेक्टचे आलेख, मागच्या बाजूला लाल मार्करनं जाडजूड अक्षरं. "औषधं आली. पिशवी दारात." "आज नाही जमत, उद्या जाते. चालेल?" "आजोबांना म्हणावं, फेऱ्या गॅलरीत मारा, जिन्यात नको." एका कागदावर नुसतीच दोन प्रश्नचिन्हं आहेत. ती कशाबद्दल होती ते आता आठवत नाही. आम्हीच काहीतरी दिवे लावले असणार.

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडं मागचं सांगते. मी टेलिफोन ऑपरेटर होते. उभी नोकरी हेडफोन लावून काढली. ज्या कानांनी पोट भरलं तेच आधी थकले. यंत्र लावते, पण निम्मं काम समोरच्याचे ओठ बघून चालतं, आणि हे खरं तर माझं मलाही ठाऊक नव्हतं. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी डोळ्यांनी ऐकत होते.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची साथ ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. पुढे लॉकडाऊन लागला आणि आमचा प्रत्येक दिवस 'साठीच्या पुढच्यांनी' या शब्दांनी उजाडू लागला. साठीच्या पुढच्यांनी बाहेर पडू नये, साठीच्या पुढच्यांनी कुणाला भेटू नये. धोका खराच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आदल्या आठवड्यापर्यंत आपापली कामं आपण करणारी दोन माणसं एकदम वयोगट होऊन बसली. मुलगा रोज व्हिडिओवर हजेरी घ्यायचा. दार कुणाला उघडलंत, हात धुतलेत का, पिशव्या पुसल्यात का. त्याचा जीव तिकडे टांगणीला लागलेला, हे मला कळत होतं. तरी मी सुपरवायझरच्या हाताखाली जन्म काढलेला, हजेरीचा सूर मला म्यूटवरसुद्धा ओळखू येतो.

तू पहिल्यांदा आलीस ती सेफ्टी डोअरच्या जाळीपलीकडे, चांगली चार हात लांब उभी राहिलीस. मास्कमधून काहीतरी बोललीस. मी म्हटलं, "अं?" तू पुन्हा बोललीस. मग मी हसून मान डोलावली. ही ऐकू न येणाऱ्यांची जुनी युक्ती, कळलं नाही की हसायचं. बहुतेक लोक त्यावर समाधान मानून जातात. तूही गेलीस. आणि पाच मिनिटांनी कागद घेऊन परत आलीस. त्यावर लिहिलं होतं: "काय काय हवंय? यादी तुम्हीच करा."

त्या 'तुम्हीच' खाली तू रेघ मारली होतीस. कागद अजून आहे, रेघही आहे.

इथे थोडं धंद्यातलं सांगते, कारण तू एकदा विचारलं होतंस की आजी, मी मोठ्यानं बोलले तर चालेल का. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. त्याच्या वरचा भाग गळून पडायचा, आणि 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक नेमका बराचसा त्या वरच्या भागात असतो. म्हणून आम्ही नाव लिहून घेताना विचारायचो, स सशातला की फ फुलातला? मास्कही वरच्या पट्टीतलाच आवाज जास्त अडवतो, आणि वयानुसार कान जातात तेही त्याच पट्टीपासून. म्हणजे एका चाळणीखाली दुसरी चाळण. अशा वेळी समोरचा ओरडला की नुसता गोंगाट वाढतो, गळालेलं अक्षर काही परत येत नाही. वर मास्कच्या नाड्या कानामागे यंत्रातच अडकायच्या. मास्क काढला की यंत्र टुणकन जमिनीवर. मी दोनदा सोफ्याखाली हात घालून ते शोधलंय. त्या दिवसांत माझ्यावर ओरडले बरेच जण. तू कधी आवाज चढवला नाहीस, मार्कर मात्र एकाचे तीन केलेस.

आता सेलची गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, आणि ह्यांनाही माहीत आहे की मी ती लिहिणार. माझ्या यंत्राला ३१२ नंबरचा सेल लागतो. तपकिरी स्टिकरचा, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढा, आठवडाभर जेमतेम पुरणारा. सगळं बंद. शेवटचा सेल संपला आणि तीन दिवस मी घरात असून नसल्यासारखी. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू आहे की बंद, तेही कळेना. तू कुठून कुठून चौकशी करून सहा सेलांचं पाकीट मिळवलंस. मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर ह्यांनी सहाच्या सहा सेलांचे स्टिकर काढून कॅलेंडरवर एका ओळीत चिकटवलेले. ऐन वेळी तुझी धांदल नको, म्हणून! हे सेल हवेवर चालतात, मुली. स्टिकरखाली बारीक भोकं असतात. स्टिकर निघाला, हवा आत गेली की सेल जागा झाला. मग वापरा नाहीतर डबीत ठेवा, त्याची घटका भरत जाते. मी डोकं धरून बसले. तू कागदावर लिहिलंस, "आजोबांचे हात पुढच्या वेळी मागे बांधा." आणि पुन्हा गेलीस, पुन्हा आणलेस. त्यानंतर दोन दिवस हे काही दारात आले नाहीत.

ह्यांचे आणखीही प्रताप होते. फोनवर एक निरोप फिरत होता की रक्तदाबाच्या अमुक प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात विषाणूला जास्त दारं उघडी मिळतात. ह्यांची गोळी टेल्मिसार्टन, म्हणजे नेमकी त्यातलीच. ह्यांनी मला न सांगता ती बंद केली. मी बायको, एका घरात राहणारी, मला पत्ता नाही. आणि तू यादी वाचून कागद धरलास: "या वेळी बीपीची गोळी नाही? शिल्लक आहे का?" ह्यांचा चेहरा पडला. दुसरं कुणी असतं तर व्याख्यान दिलं असतं. तू संध्याकाळी मोठ्या टायपात छापलेला एक कागद आणून दिलास. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीनं १३ मार्चलाच सांगितलं होतं की या गोळ्या अपाय करतात याला पुरावा नाही, रुग्णांनी त्या चालू ठेवाव्यात. खाली तू लिहिलं होतंस, "तरी तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारा. नंबर लावून देऊ?" विचारलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं. छापील शब्दावर ह्यांचा भारी विश्वास. त्या रात्रीपासून गोळी सुरू झाली.

बाकी आम्ही जे काय केलं ते सगळ्यांनीच केलं. प्लास्टिक आणि स्टीलवर विषाणू ७२ तासांपर्यंत टिकतो असं वाचल्यापासून सामानाच्या पिशव्या गॅलरीत तीन दिवस स्थानबद्ध असायच्या. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंची भीती त्यामानानं फारच कमी, हे लोकांपर्यंत पोचायला उशीर झाला. तोवर मी नाणीसुद्धा साबणानं धुतली होती.

मग ती रात्र. तुला आठवत असेलच. ह्यांना झोप येईना म्हणून ह्यांनी उठून बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८८. पंचाण्णवच्या खाली जाता कामा नये, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. माझे हातपाय गार पडले. मुलाला फोन लावला तर तो काय बोलतोय ते मला कळेना, ह्यांना आकडे दिसेनात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकललेली ना. मी झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकलं. दोन मिनिटांत तू जाळीपलीकडे, केस विस्कटलेले, मास्क उलटा. पण मार्कर हातात. "धाप लागते का?" नाही. "बोलताना अडखळतात?" नाही, शिव्या घालताहेत. तू लिहिलंस, "हात गार आहेत का? चोळा. पाच मिनिटं बसा. मग दुसऱ्या बोटाला." मी त्यांचे हात चोळत बसले. मनात भीतीनं इतकी गर्दी केली होती, तरी इतक्या वर्षांत ह्यांचे हात असे कधी धरून बसलो होतो, असाही एक विचार येऊन गेला. पाच मिनिटांनी आकडा आला ९७. तू तिथेच पायरीवर बसून राहिलीस. आणखी तीनदा मोजायला लावलंस. नंतर कळलं, बोटं गार असली की यंत्र फसतं.

त्या रात्री मी तुला कागदावर एक गोष्ट लिहून दिली, जी मुलालाही सांगितली नव्हती. मरणाची मला फारशी धास्ती नव्हती. भीती वेगळीच होती. मला एकटीला गाडीत घालून नेतील, तिथे नखशिखांत झाकलेली माणसं मला काहीतरी विचारतील, मला कळणार नाही, मी सवयीनं हसून मान डोलावेन, आणि त्यांना वाटेल हिचा होकार आहे. तू ते वाचलंस. 'असं काही होणार नाही आजी' वगैरे म्हणाली नाहीस, आणि त्याबद्दल मी तुझी खरी ऋणी आहे. कारण होऊ शकत होतं. दुसऱ्या दिवशी तू पुठ्ठ्याचं एक कार्ड आणलंस, भोक पाडून नाडी ओवलेलं. "मला कमी ऐकू येतं. मी मान हलवली तरी कळलं असेलच असं नाही. कृपया लिहून विचारा." मागे माझ्या गोळ्यांची नावं, रक्तगट, मुलाचा नंबर. आणि माझ्यासाठी एक छोटी वही आणि पेन्सिल, नाडीलाच बांधलेली.

ते कार्ड देवदयेनं दवाखान्यात कधी लागलं नाही. लागलं लसीच्या रांगेत. ८ डिसेंबर २०२० ला इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मार्गारेट कीनन नावाच्या नव्वद वर्षांच्या बाईंनी फायझरची चाचण्यांबाहेरची पहिली लस घेतली, तेव्हा तू कागद धरला होतास: "बघा, पहिला नंबर आजीचा!" साठीच्या पुढच्यांचा कुठेतरी आधी नंबर लागला याचा ह्यांना कोण आनंद. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या मुलीनं मला भराभर प्रश्न विचारले. मी सवयीनं हसणारच होते. मग कार्ड पुढे केलं. तिनं वाचलं, थांबली, आणि पेन उचललं. त्यानंतर आजवर मी ते पुष्कळ ठिकाणी पुढे केलंय. कोपरे मऊ पडलेत त्याचे.

आणि ते सकाळचं ठोकणं. तू म्हणाली होतीस, मला उठायला उशीर होतो, क्लास चुकतो, सात वाजता छतावर दोनदा ठोकाल का, मी दोनदा ठोकून उत्तर देईन. हे मोठ्या ऐटीत झाडू घेऊन उभे राहायचे. पोरगी आपल्या भरवशावर उठते म्हणून. मला ते ठोके ऐकू यायचे नाहीत, मी भिंतीला तळवा लावून उभी राहायचे. तुझा क्लास सातला नसून अकराला असायचा, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आता वाचतील.

तूही तेव्हा एकटी होतीस, आईवडिलांपासून लांब अडकलेली. गॅलरीत फोनवर बोलताना रडत होतीस, ते मी खालून पाहिलं होतं. मला ऐकू येत नाही म्हणून लोक विसरतात की दिसतं. मी तेव्हा काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. माझ्याकडेही कागद होता.

ह्यांचा मोतीबिंदू झाला एकदाचा. काल तो गठ्ठा चष्म्याशिवाय वाचून काढला आणि तुझ्या 'ळ'ला नावं ठेवली. तुझा एक लाल मार्कर आमच्याकडे राहिलाय. टोपण नीट लागत नव्हतं, वाळून गेलाय. तरी ठेवलाय.

तुझी,
खालच्या मजल्यावरची आजी