मानवंदनेच्या तुकडीला मोकळी जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी राष्ट्रप्रमुख दिल्लीत येतात तेव्हा राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात तिन्ही सैन्यदलांची संयुक्त तुकडी त्यांना मानवंदना देते आणि १७७३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रपती अंगरक्षक दलाचे घोडेस्वार तेथे दिमाखात उभे असतात. त्या रांगांच्या आसपास आगंतुक माणूस फिरकत नाही. मात्र खानापूर, चिक्कोडी, निपाणी भागातील एखाद्या जवानाचे पार्थिव तिरंग्यात गावी येते, तेव्हा अंतिम मानवंदना देणाऱ्या तुकडीला उभे राहायलाही धड जागा मिळत नाही, याचे फार वाईट वाटते.

आमच्या तालुक्यातील एका गावी मी हे पाहिले आहे. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला, जवानांनी बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळवून, दस्त्यावर हात ठेवून माना खाली घातल्या, आणि त्याच वेळी चित्रीकरणासाठी मोबाइल उंचावलेली पोरे सरण आणि बिगुलवाला यांच्यामध्ये शिरली. ‘लास्ट पोस्ट’ या बिगुलावरच्या अखेरच्या निरोपाच्या धूनचे सूर घोषणांत बुडाले. पुढे हवेत फैरी झाडायच्या होत्या, पण हवालदाराला आधी स्वतः पुढे होऊन माणसे मागे सारावी लागली. काडतुसे कोरी, म्हणजे गोळी नसलेली असली तरी नळीच्या जवळ उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी इजा होऊ शकते, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानीही नव्हते.

ध्वजसंहितेनुसार पार्थिवावरील तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असावा लागतो आणि ध्वज चितेत जाळता किंवा कबरीत उतरवता येत नाही. म्हणूनच अग्नी देण्यापूर्वी जवान तो उतरवतात, घडी घालतात आणि वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती सोपवतात. त्या माउलीला तो ध्वज धक्काबुक्कीत घ्यावा लागू नये, एवढी तरी काळजी आपण घ्यायला हवी. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे आणि ज्या परिसरात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतो, तेथे हे सांगावे लागू नये.

ग्रामपंचायतीने पार्थिव येण्यापूर्वीच सरणाभोवती चुन्याच्या फक्कीने रेषा आखून दोर बांधावा, कुटुंबीयांना आत बसवावे आणि मानवंदना सुरू होताच ध्वनिक्षेपक बंद करावा. नेत्यांनी पुष्पचक्र वाहून मागे सरावे. भाषणे नंतरच्या शोकसभेत करावीत. सीमाप्रश्नावरील घोषणा तर, त्या कोणत्याही बाजूच्या असोत, तेथे नकोतच; त्यासाठी दुसरी व्यासपीठे आहेत आणि खांदा द्यायला मराठी व कन्नड दोन्ही घरांतली माणसे आलेली असतात. या सगळ्यावर देखरेख ठेवण्याचे काम तालुका प्रशासनाने गावातील माजी सैनिकांवर सोपवावे. कवायतीचा क्रम त्यांना ठाऊक असतो आणि गावकरी त्यांचा शब्द मोडत नाहीत.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)