काचेतली गोष्ट का तडकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तान्हा पोळा (पोरांचा लाकडी बैलांचा सण) किंवा झाडीपट्टीची दंडार (पूर्व विदर्भातले लोकनाट्य) काचचित्रात, म्हणजे तळाच्या काचेवर काचेचे तुकडे ठेवून भट्टीत एकजीव केलेल्या चित्रात, सांगू पाहणाऱ्या आपल्या भागातील हौशी कलावंतांसाठी हे पत्र.

चित्र तडकते ते बहुधा भेसळीमुळे. खिडकीची आणि बाटलीची काच भट्टीत एकजीव दिसली तरी थंड होताना कमीजास्त आकसते. तडा कधी आठवड्यानेही जातो. म्हणून लाकडी बैल, पोरं, तोरण सारे तळाच्याच 4 मिलिमीटर काचेतून कापा. रंगाला काचेवर भाजायचे इनॅमल वापरा. शिंगांची टोके वितळून बोथट होतात, ती जरा लांब ठेवा. नाहीतर बैलाची शेळी होते आणि गोष्टच बदलते!

तापमान तासाला 150 अंशांनी चढवा. 780 ते 800 अंश सेल्सिअसला दहा मिनिटे पुरतात, भट्टीगणिक थोडा फरक पडतो. मग काचेतला ताण निघावा म्हणून 550 वर तासभर, पुढे 370 पर्यंत तासाला 60 अंशांनी उतार. घाई नेमकी इथेच नडते.

वीज गेली तर झाकण उघडू नका. आल्यावर हळूहळू पुन्हा 550 गाठून तासभर धरा. ग्रामीण शिबिरांत नक्षीआधी हेच शिकवावे, ही आयोजकांना कळकळीची विनंती.

– काचकाम शिकवणारे काही जण, जि. भंडारा