रविवारच्या बैठकीची आठवण : जेन एलियट यांचं काम

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला शिक्षक अभ्यासगटाची बैठक नेहमीच्याच ठिकाणी आहे. विषय : अमेरिकेतल्या शिक्षिका जेन एलियट.

४ एप्रिल १९६८ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवातल्या राइसव्हिल गावात एलियट बाईंनी, भेदभाव म्हणजे काय हे मुलांना स्वतः अनुभवता यावं म्हणून, तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. सगळी मुलं गोरीच. एका गटाला जास्तीची मधली सुट्टी, कौतुक, दुसऱ्याला टोमणे. नंतर पारडं उलटं. पुढे १९७०मध्ये याच प्रयोगाचं चित्रीकरण झालं. त्यात ‘कमी’ ठरलेल्या मुलांच्या गळ्यात कापडी कॉलर दिसते. कॉलर असताना तीच मुलं शब्दांची कार्डं वाचताना रेंगाळतात, ती उतरली की भराभर वाचतात. हे दृश्य मला विसरता येत नाही. आपल्या मागच्या बाकांवरची पोरं आठवतात.

बाईंनी पुढे शाळा सोडली आणि कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती इथे मोठ्यांना वर्णभेदाविषयी प्रशिक्षण देण्यात आयुष्य घातलं.

लहान मुलांना असं रडवणं योग्य का, यावर मात्र तेव्हापासून वाद आहे. मला स्वतःला ते पटत नाही, म्हणून चर्चेचा बराच वेळ त्यासाठीच ठेवलाय. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. ती अर्पणपत्रिका वाचून सुरुवात करू.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. चहाची सोय आहे.